डाव्या बगलेचा लाल ठिपका

मी डबा बोलतोय. हसू नका. डबा म्हणलं की तुम्हाला तेलाचा आठवतो, नायतर जेवणाचा. मी त्यातला नाय. मी जाड, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचा, ढोलकीएवढा, दोन्ही तोंडं बंद. एका तोंडाला फिरवून बसवायचं, आट्याचं बूच, पाणी भरायला. आन् माझं काम म्हणजे माणसाचं सोंग घ्यायचं. माणूस मशीनखाली झोपायच्या आधी मी झोपतो. मशीन खरं दाखवतंय का खोटं, ते माझ्यावर बघतात.

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगतो. बोलणं बी रांगडं हाय. सिल्लोडपासून गंगापूरपर्यंतची माणसं ह्या खोलीत येऊन झोपली, कण्हली, बायकोवर खेकसली. त्यांचं ऐकून ऐकून मला जीभ फुटली. गोड बोलायला कुणी शिकवलंच नाय.

पण एक खोड मला जन्मापासून हाय. कामून? एखादी गोष्ट कामून झाली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाय.

माझा जन्म जुन्या शहरातला, एका बोळातल्या दुकानात. दुकान नूरमोहम्मद चाचाचं. चाचा पाट्या करायचा. वकिलाची पाटी, डॉक्टरची पाटी, शाळेच्या गॅदरिंगची ढाल, सगळं त्याच प्लास्टिकचं. त्याचा पोरगा ओवैस शिकून सवरून ह्या स्कॅन सेंटरात लागला. मशीन बरोबर चालतंय का नाय ते तपासायचं काम त्याच्याकडं. त्याला तपासणीचा डबा पाहिजे होता. बाहेरदेशातनं मागवलेला येता येईना. मग तो एक दिवस बापासमोर येऊन बसला.

"अब्बा, एक डब्बा होना. पानी का एक बूँद भी बाहर नै आना."

चाचानं चष्मा वर केला. "पच्चीस बरस से दुनिया के नाम चिपका रा हूँ. आज तक एक अक्षर नै गिरा. तेरा डब्बा टपकेगा?"

चाचानं जाड नळी कापली, कडा घासल्या, दोन गोल झाकणं बसवली आन् सुईनं सांध्यात चिकटवायचं औषध सोडलं. असला वास सुटला की शेजारचा शिंपी उठून बाहेर गेला. मग मला पाण्यानं काठोकाठ भरून वर्तमानपत्रावर ठेवलं, तीन दिवस. रोज सकाळी चाचा पेपर उचलून बघायचा. कोरडा. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

ओवैस म्हणाला, आता एक खूण करून द्या, डबा गोल हाय, डावं उजवं कळत नाय. चाचाकडं कुठल्यातरी दवाखान्याच्या पाटीचा लाल रंग उरला होता. त्यानं माझ्या एका बगलेला त्याचा ठिपका दिला. ओवैसनं ठरवलं, ठिपका म्हणजे माणसाची डावी बाजू. मला टेबलावर ठेवायचं तर ठिपका तिथं पाहिजे जिथं झोपलेल्या माणसाचा डावा हात असंल.

हा ठिपका ध्यानात ठेवा. पुढं त्याच्यावरच सगळं हाय.

सेंटर शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला, तळमजल्यावर. मशीन म्हणजे एक भलं मोठं कडं, त्यात माणूस सरकतो. कड्याला दोन चपटे थाळे, परातीएवढे. ते माणसाभोवती फिरतात. माणसाला आधी हातात सुई देतात. त्या औषधातनं कसलेतरी किरण निघतात, डोळ्याला न दिसणारे. ते थाळ्यांना दिसतात. औषध जिथं जास्त पोचलं तिथं चित्र उजळ. जिथं पोचलं नाय तिथं काळं. काळं म्हणजे तिथं रक्त जात नाय, असं डॉक्टर धरतात.

दर सोमवारी सकाळी माझी पाळी. रूपाली मला भरते. रूपाली म्हणजे मशीन चालवणारी पोरगी, पडेगावची. बोलायला कमी, हाताला साफ. माझ्यात पाणी भरते, त्यात थेंबभर औषध सोडते आन् पाच मिनिटं मला घोळते, औषध सगळ्या पाण्यात सारखं मिसळावं म्हणून. बुडबुडा राहिला की माझं टाळकं सरकतं. बुडबुडा म्हणजे खोटं. रूपाली बुडबुडा ठेवत नाय. ठिपका डावीकडं करून मला टेबलावर ठेवते आन् खोलीच्या बाहेर जाते.

मग थाळे फिरतात. हळू. थांबत थांबत. एक पुरी चक्कर.

पहिल्यांदा माझं चित्र आलं तवा ओवैस लई खुश झाला. मधनं गोल कापलेला मी, सगळीकडं सारखा. चांगल्या हातानं भाजलेल्या भाकरीसारखा, कुठं डाग नाय, कुठं कच्चा नाय. आन् ते बरोबरच. माझ्यात पाणी एकच, औषध एकच. दिसायला पण एकच पाहिजे.

दिवाळीनंतर सेंटरात काळजाचं स्कॅन सुरू झालं. त्याला ओवैसनं नवी चाल लावली. पुरी चक्कर नाय, अर्धीच. ती पण आधी माझ्यावर करून बघितली. आन् चित्र आलं ते बघून मला राग आला. एका अंगानं भाजलेली भाकर. ठिपक्याच्या बाजूला उजळ, दुसऱ्या अंगाला मळकट, काळपट. अरे, माझ्यात काय दोन पाणी हायेत का? त्या अंगाला मी काय कमी हाय?

रूपालीनं पण तेच विचारलं. म्हणजे तिच्या पद्धतीनं. "सर, पाणी तर एकच आहे. मग अर्धं असं का?"

ओवैसनं तिला समजावलं, म्हणून मला पण कळलं. किरण पाण्यातनं बाहेर येताना वाटेत पाणीच त्यांना खातं. थाळ्याच्या जवळच्या अंगातनं येणारे लवकर सुटतात. पलीकडल्या अंगातल्यांना सगळं पाणी ओलांडून यावं लागतं, त्यात निम्मेशिम्मे मरतात. पुरी चक्कर मारली की प्रत्येक अंगाला थाळ्याजवळ यायची पाळी मिळते. मग कुठं किती खाल्लं त्याचा हिशोब लावून चित्र सारखं करता येतं. अर्धी मारली की एक अंग कायम लांबच राहतं. ते मळकट दिसतं. तिथं काय नाय असं नाय. तिथं कुणी गेलंच नाय.

मग मला वाटलं, असं हाय तर अर्धी मारताच कामून? त्याचं पण उत्तर होतं. माणूस माझ्यासारखा सगळा पाणी नाय. काळीज डावीकडं, छातीच्या पुढच्या अंगाला. उजव्या पाठीकडनं बघायला गेलं तर मधी मणका, मांस, काळजाचं काय दिसत नाय, नुसता गाळ येतो. म्हणून डाव्या छातीला वळसा घालायचा आन् बास. शिवाय त्या माणसाला दोन्ही हात डोक्यावर धरून पडायचं असतं. अर्ध्या चकरेत सुटका लवकर होती.

म्हणजे अर्धी चक्कर लबाड नाय. फक्त जे अर्धं पाहिजे, तेच मारलं पाहिजे.

आता मशीनला दिसतं का, माणूस कसा झोपलाय? नाय दिसत. मशीन आंधळं. त्याला बटण दाबून सांगावं लागतं, की डोकं कड्याकडं हाय का पाय. त्याच्यावर ते ठरवतं, डावं कुठलं.

आन् इथंच आपली माणसं आली.

ह्या खोलीत डोकं कड्यात घातलं की पाय बरोबर दक्षिणेला होतात. बांधणाऱ्यानं दिशा बघितली नाय. पण आमच्याकडची बाईमाणसं बघतात. दक्षिणेला पाय करून झोपायचं नाय, ती यमाची दिशा. घरातल्या घरात ठीक हाय, खाट फिरवता येती. दवाखान्यात आधीच जीव मुठीत, त्यात पाय दक्षिणेला म्हणलं की बायका दारातच अडून बसायच्या. काही तर रस्त्यावरनं आत येताना उन्हावरून दिशा मोजत यायच्या.

रूपालीच्या घरी असलं काय मानत नायत. तिच्या आज्यानं धम्म घेतला तवाच हे सगळं मागं टाकलं. पण ती कुणाशी वाद घालत नसे. घाबरलेल्या माणसाला काय शिकवायचं, असं तिचं. ती म्हणायची, "चला, उलटं झोपवते." पाय कड्यात, डोकं बाहेर. मशीनला दोन्ही चालतं.

बटण मात्र ती बदलत नसे. कामून? कारण कधी अडलंच नव्हतं. आधी हाडांची स्कॅन असायची, पुऱ्या चकरेची स्कॅन असायची. पुऱ्या चकरेत थाळे सगळीकडं जाणारच, डावं काय अन् उजवं काय. चित्र तेवढं उलटं यायचं. रूपाली संगणकावर त्याला गिरकी देऊन सुलटं करायची आन् पुढच्याला आत घ्यायची. हाताला तीच सवय लागली. काळजाचं स्कॅन आलं, चक्कर अर्धी झाली, सवय तीच राहिली.

चित्र सुलटं होतं हो. पण थाळे कुठनं गेले ते सुलटं होत नाय.

मी कपाटावर बसून बघत होतो. सोमवार सोडला तर माझी जागा तिथंच. दिसत होतं मला. पण मला तोंड नाय, बूच हाय.

एका गुरुवारी मोतीराम आला. गंगापूर डेपोचा ड्रायव्हर. पन्नाशी ओलांडलेला, पोट थोडं पुढं, मिशीला काळा रंग. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, एक माणूस जखमी केला नाय, हे त्यानं आत आल्या आल्या सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. डेपोच्या तपासणीत काळजाच्या पट्टीत, त्या ईसीजीत, काय बारीक दिसलं, म्हणून पाठवला होता. बरोबर बायको, सत्यभामा. बारकी, ठसठशीत कुंकू, हातात पिशवी.

सत्यभामानं खोली बघितली, दार बघितलं, मनात काहीतरी मोजलं आन् म्हणाली, "ताई, ह्यांचे पाय दक्षिणेला करू नका."

मोतीराम तापला. "मशीनला काय दिशा असती का? पाय कुठंबी असू दे. उलटं मेलो तर सुलटा जाळ."

"तुम्ही गप पडा. तुमची जीभ आवरा आधी."

रूपाली हसली आन् त्याला उलटं झोपवलं. हात डोक्यावर. थाळे फिरले. त्याला दोन चित्रं काढायची होती, एक पळवून झाल्यावर, एक आरामात. दोन्ही तशीच काढली.

मोतीराम पडल्या पडल्या थाळ्यांकडं बघत होता. बाकीची माणसं डोळे मिटतात. हा ड्रायव्हर. बाजूनं काय चाललंय ते बघितल्याशिवाय त्याला राहवतच नाय.

शनिवारी ते दोघं कागद न्यायला आले. चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर प्रेरणा मॅडम स्वतः खोलीच्या दाराशी येऊन बोलल्या. बाई सरळ हाय. काळजाच्या डाव्या, बाहेरच्या भिंतीवर काळा डाग दिसतोय, म्हणाल्या. दोन्ही चित्रांत तेवढाच. पळवल्यावर पण आन् आरामात पण. म्हणजे तिथलं मांस कधीतरी मेलेलं असू शकतं. हाताच्या शिरेतनं नळी घालून बघावं लागंल. तोवर गाडी चालवायची नाय. डेपोला तसं लिहून द्यावं लागंल.

मोतीराम उभाच राहिला. मग म्हणाला, "मला अटॅक कधी आला?"

कधी कधी कळत नाही, मॅडम म्हणाल्या.

"मला जांभई आली तर सत्याला कळतं. अटॅक आला आन् कळला नाय?"

सत्यभामा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

गाडीवरनं खाली उतरणं म्हणजे मोतीरामाला काय असतं, ते मला तवा कळलं. पैशाचं तो बोललाच नाय. डेपोत बसवतील म्हणाला, हलकं काम देतील, पगार निघंल. पण अठ्ठावीस वर्षं सकाळची पहिली गाडी मी काढतो. दुसऱ्यानं काढली आन् मी खिडकीतनं बघत बसलो, तर मग काळजाला काय झालं नसंल ते होईल. असं तो म्हणाला, आन् लगेच आवाज चढवला, कारण डोळे भरत होते.

"एक सांगू का मॅडम. काळीज कुठं असतं, डावीकडं ना? तुमचे ते थाळे माझ्या डाव्या बगलेला एकदाबी आले नायत. डाव्या खांद्यापासनं निघाले, छातीवरनं उजवीकडं गेले आन् पाठीखाली घुसले. दोन्ही टायमाला. मला डावीकडनं गाडी येती का बघायचंय आन् तुम्ही उजव्या आरशात बघताय."

रूपाली म्हणाली, "काका, मशीनला कळतं कुठं फिरायचं." तिचं पण खरं होतं, तिच्या समजुतीपुरतं.

"मशीनला कळतं, व्हय? मग माझ्या गाडीला पण कळतं म्हणायचं गंगापूर कुठं हाय."

मला त्या माणसाचा लई अभिमान वाटला. माझ्यासारखंच डोकं. माझं अर्धं अंग कामून काळं, हे मला दुसऱ्यानं समजावावं लागलं. ह्या गड्यानं एका झोपण्यात ओळखलं, कुणी कुठनं बघितलं ते.

दुसरी डॉक्टर असती तर त्याला शांत बसा म्हणली असती. प्रेरणा मॅडमनं त्याला बसायला खुर्ची दिली आन् ओवैसला फोन लावला. बोलता बोलता मला ऐकू आलं, की पट्टीत जे दिसतं आन् चित्रात जे दिसतं त्याचा मेळ त्यांना पण बसत नव्हता.

ओवैस तासाभरात आला. कुणावर चढला नाय, कुणाला काय विचारलं नाय. कपाटावरनं मला उतरवलं, रूपालीच्या हातात दिलं. "गुरुवारी मोतीरामकाकांचं जसं केलंस, अगदी तसंच ह्याचं कर. तोच प्रोग्राम. काय बदलू नको. ठिपका त्यांच्या डाव्या हाताच्या जागी."

शनिवार असून मला भरलं. पाणी, औषध, घोळणं. रूपालीनं मला टेबलावर ठेवायला नेलं आन् थांबली. झोपलेल्या माणसाचं डोकं कड्याकडं धरलं तर ठिपका एका बाजूला येत होता. पाय कड्याकडं धरले तर दुसऱ्या. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. 

कुणी खोलीत नव्हतं. ओवैस काचेपलीकडं, पाठमोरा. ठिपका नेहमीच्या बाजूला ठेवला असता तर चित्र नेहमीसारखं आलं असतं. मोतीराम बडबड्या ठरला असता. कागदावर मॅडमची सही होतीच.

रूपालीनं मला फिरवलं. ठिपका तिथं ठेवला जिथं उलट्या झोपलेल्या मोतीरामाचा डावा हात होता.

थाळे निघाले. मी बघत होतो. माझ्या ठिपक्याच्या अंगाला आलेच नायत. पाव चक्कर ह्यानं, पाव चक्कर त्यानं, दोघांची मिळून अर्धी, सगळी माझ्या उजव्या अंगानं.

चित्र आलं. रूपालीनं नेहमीसारखी गिरकी दिली. नेहमी ठिपक्याची बाजू उजळ असायची. आज ठिपक्याची बाजू काळी होती.

ओवैसनं पडद्यावरच्या काळ्या बाजूवर बोट ठेवलं. तो काय म्हणायच्या आधी रूपालीच बोलली. "सर, मी त्यांना उलटं झोपवलं होतं. बटण बदललं नाय. पाय दक्षिणेला नको म्हणाले, की मी असंच करते."

"कधीपासून?"

"आधीपासून. तेव्हा चक्कर पुरी होती."

ओवैसनं कपाळावर हात मारला नाय, ओरडला पण नाय. खुर्चीत बसला. मग म्हणाला, "बरं केलंस, बोललीस."

मॅडम आल्या, चित्र बघितलं, मोतीरामाच्या कागदावरची आपली सही खोडली. खोडताना पेन इतक्या जोरात दाबलं की कागद फाटला. मग रूपालीला म्हणाल्या, आठव, दिवाळीपासून कोण कोण उलटं झोपलं. रूपालीला सगळी आठवत होती. नाव आठवत नव्हतं तिथं बायको आठवत होती, सासू आठवत होती, कोण दारात अडून बसलं ते आठवत होतं. मोतीराम सोडून नऊ माणसं निघाली.

सेंटरच्या मालकाला हे आवडलं नाय. नऊ जणांना कशाला सांगायचं, ज्याला त्रास होईल तो येईल, असं त्याचं म्हणणं. मॅडमनं त्याच्यासमोरच फोन लावायला घेतले. सिल्लोडच्या एका माणसाची नळी घालून झाली होती, काय निघालं नव्हतं. त्यानं फोनवर अशा शिव्या दिल्या की माझ्यासारख्याला पण नव्या वाटल्या. मॅडमनं सगळ्या ऐकून घेतल्या. बाकीचे आठ परत आले. त्यातल्या दोघांना दुखणं खरंच होतं. ते पण सांगितलं पाहिजे. चूक कळली म्हणून सगळेच बरे झाले असं होत नाय.

मोतीरामाचं स्कॅन मंगळवारी परत लावलं. तो दारातनं आत आला तवा सत्यभामा मागं, मान खाली. शनिवारपासनं तिनं काय खाल्लं नसंल असा चेहरा. झाला प्रकार तिला कळला होता, आन् तिला वाटत होतं, आपण पाय फिरवले, आपणच नवऱ्याला गाडीवरनं उतरवलं.

ती रूपालीला म्हणाली, "कसंबी झोपवा आता. पाय कुठंबी करा."

रूपालीनं तिचा हात धरला. "नाय मावशी. तुम्हाला पटंल तसंच झोपवू. पाय उत्तरेलाच. तुमची काय चूक नाय, बटण माझं होतं."

मग तिनं मोतीरामाला उलटंच झोपवलं, आन् बटण बदललं. बदलताना मोठ्यानं म्हणाली, "पाय आत." बाहेरनं ओवैसनं काचेतनं बघितलं आन् तेच म्हणाला, "पाय आत." तो नवा नेम. दोन माणसांनी बोलल्याशिवाय थाळे हलवायचे नायत.

थाळे निघाले. उजव्या खांद्यापासनं छातीवर. छातीवरनं डावीकडं. डाव्या बगलेला आले तवा मोतीराम हात डोक्यावर धरून, मान न हलवता, हळूच म्हणाला, "आता आला डाव्या आरशात."

मी कपाटावर श्वास धरून होतो. डब्याला श्वास नसतो, पण धरता येतो.

डाव्या भिंतीवर डाग नव्हता. खालच्या अंगाला थोडं फिकं होतं. मॅडम म्हणाल्या, ही पोटाच्या पडद्याची सावली, बहुतेक पुरुषांच्या चित्रात असते. मोतीरामाला ते पटेना. एकदा फसलेला माणूस. "मग पुरा राऊंड मारा. सगळीकडनं बघा, म्हणजे वाद नको." मॅडमनं त्याला तिथंच बसवून समजावलं, की पाठीकडनं काळजाचा गाळच येतो, हे अर्धं योग्य अर्धं आहे. पालथं झोपवून एक चित्र घेतलं, फिकी जागा गेली. तवा गडी गप झाला. नळी नको, म्हणाल्या मॅडम. वजन कमी करा. तंबाखू टाका.

"तंबाखू डावीकडच्या खिशात असती," सत्यभामा म्हणाली. "ती त्यांना बरोबर सापडती." तीन दिवसांत पहिल्यांदा ती बोलली होती असं.

एक गोष्ट माझ्या मनात राहिली. मोतीराम गप बसणारा असता तर? माझ्यासारखा, तोंडाला बूच लावलेला? किती माणसं ह्या खोलीत आली, हात वर करून पडली, डोळे मिटून घेतले आन् जे कागदावर आलं ते मान खाली घालून घेऊन गेली. आपल्या माणसाला डॉक्टरला विचारायची लाज वाटती. एसटीत सुट्टे मागायला लाज वाटत नाय.

आता माझं सांगतो आन् संपवतो.

मागच्या महिन्यात माझ्या सांध्याला केसाएवढी चीर पडली. सोमवारी टेबलावरच्या कागदावर एक थेंब उमटला. पाणी साधं असतं तर चाललं असतं. माझ्यातलं पाणी औषधाचं, ते एक थेंब पण सांडून चालत नाय. ओवैस मला घेऊन दुकानात गेला. नूरमोहम्मद चाचाचे हात आता थरथरतात, पाट्या दुसरं कुणी करतं. चाचानं मला मांडीवर घेतलं, चिरेवरनं अंगठा फिरवला. जोड लावून देतो म्हणाला, पण भरवसा देत नाय. ओवैसनं नवा डबा मागवला. आमच्या बोळातला नाय, बाहेरचा. त्याच्यावर ठिपका नाय, बाण हाय म्हणे, आन् इंग्रजी.

येत्या सोमवारी मी शेवटचा भरला जाईन. चाचाचा जोड तेवढं धरंल. रूपाली म्हणाली, ह्याची पुरी चक्कर मारू. अर्धी नको. मला बरं वाटलं.

तुम्हाला एवढंच सांगतो. तुम्ही कधी असं टेबलावर झोपाल तर डोळे मिटू नका. पाय ज्या दिशेला पाहिजेत त्या दिशेला करून घ्या, लाजू नका, पण कसं झोपवलंय ते मोठ्यानं विचारा. आन् एखाद्याच्या अंगावर काळा डाग दिसला, तर आधी विचारा की त्या अंगाला कुणी गेलं होतं का.

मला भंगारात देऊ नका. साधं पाणी भरून खिडकीत ठेवा. थेंब पडला तर पडू दे.

परवा मोतीराम येऊन गेला. खाकी घालून, गाडी स्टँडवर लावून. डेपोचा कागद रूपालीला दाखवला, सही शिक्क्याचा. मग म्हणाला, तो डबा कुठला, दाखवा. रूपालीनं मला खाली काढलं. त्यानं मला वरनं खालनं बघितलं, ठिपका बघितला, आन् गाडी काढायच्या आधी टायरला मारतात तशी बोटाच्या पेरानं माझ्या अंगावर टकटक केली.

"हवा बरोबर हाय," म्हणाला.

माझ्यात हवा नको असती. हवा म्हणजे बुडबुडा, बुडबुडा म्हणजे खोटं. दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर माझं डोकं फिरलं असतं.

त्याला मी काय बोललो नाय. त्याची गाडी सुटायची वेळ झाली होती.